शेठच्या नाताळ पार्टीची धडकी

एका ऑफिसात बरीच वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. चार जण चहाला टेकले की एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने त्यात तिखटमीठ घालायचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते नाताळच्या पार्टीचे. तुम्हाला वाटेल, पार्टीचे किस्से म्हणजे मजाच असणार. मजा कसली! डिसेंबर लागला की आम्ही सुट्टीची कारणं शोधायला लागायचो.

आमचं ऑफिस सुरतला, पर्वत पाटियाजवळ. इथून स्कार्फचं कापड परदेशात जातं. मी सॅम्पल विभागात. शेठ गुजराती, लसूणसुद्धा न खाणारे. त्यांचा आणि नाताळचा काय संबंध? पण एकदा व्हिडिओ कॉलवर परदेशी बायरने सहज विचारलं, ख्रिसमसला स्टाफसाठी काय करता? ऑर्डर अडकलेली होती. शेठ गडबडले आणि बोलून गेले, "बिग पार्टी! एव्हरी इयर!"

बायर खूश. म्हणाला, फोटो पाठवा.

कॉल संपल्यावर शेठने घाम पुसला आणि एचआरच्या निधी मॅडमना हाक मारली. "निधीबेन, आपण दरवर्षी पार्टी करतो. या वर्षीपासून!"

*

पहिल्या पार्टीची नोटीस लागली. 'हजेरी सक्तीची. शेठ महत्त्वाची घोषणा करतील.'

बस्स! आमच्या तोंडचं पाणी पळालं. दिवाळीपासून धंदा थंड होता. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका ऑफिसात नुकतंच अर्ध्या लोकांना घरी बसवलं होतं, तेही पेढे देऊन! डिस्पॅचचे पाटीलकाका तर जेवेनात. काका शिरपूरकडचे, बमरोलीत राहतात, पोरीचं बारावीचं वर्ष. एरवी आमच्याशी साधं मराठी बोलतात, पण घाबरले की अहिराणीवर येतात. माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "रेखाताई, मनं काळीज धडधडी ऱ्हायनं."

पार्टीत केक होता, फुगे होते, समोसे होते. कोणी हात लावेना. शेठ माइकवर आले. "आज मला एक गोष्ट सांगायची आहे. सांगताना ऊर भरून येतो..."

काकांनी माझं मनगट धरलं.

"माझ्या मुलीचं लग्न ठरलं!"

काका ढसाढसा रडायला लागले. शेठ धावत आले, त्यांना मिठी मारली आणि गहिवरून सगळ्यांना म्हणाले, "बघा! माझ्या घरच्यांपैकीसुद्धा एवढं कोणी रडलं नाही!"

*

पुढच्या वर्षी निधी मॅडमनी 'सीक्रेट सँटा' आणलं. चिठ्ठी उचलायची, नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. सगळ्यांची एकच प्रार्थना, देवा, शेठचं नाव नको!

ते निघालं सुनंदा वानखेडेला. सुनंदा आमची क्वालिटी चेकर, माहेर अकोल्याचं. हजार मीटरमधला एक तुटका धागा बिनचूक पकडणारी बाई, पण भेट काय द्यावी या विचाराने आठवडाभर झोपली नाही. शर्ट दिला तर माप चुकणार. मिठाई दिली तर शेठला शुगर. शेवटी तिने भिंतीवरचं घड्याळ दिलं.

पार्टीत शेठ कागद फाडत असताना तिला एकदम सुचलं. माझ्या कानात म्हणाली, "अगं, घड्याळ! शेठला वाटेल, आम्हाला उशिरा सोडतात म्हणून टोमणा मारला!" तिचा चेहरा पांढरा पडला.

शेठने घड्याळ फिरवून फिरवून पाहिलं. कपाळाला आठी. मग आठी गेली. "ज्याने दिलं त्याला थँक्यू. फार उपयोगी चीज आहे!"

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ हॉलच्या दारावर लागलं होतं, येणाऱ्याच्या तोंडासमोर. खाली उशिरा येणाऱ्यांसाठी लाल अक्षरांत सूचना! ते कोणी दिलं हे आजवर फक्त मला माहीत आहे. सुनंदा मला अजून महिन्यातून एकदा विचारते, "तू कोणाला बोलली नाहीस ना?"

*

हे मात्र खरंच भीतीचं. आज हसते, तेव्हा नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी पाटीलकाकांना सँटा केलं होतं. दाढीला उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, तोच डिंकाने चिकटवला. निधी मॅडमनी फोटोसाठी टेबलावर मेणबत्त्या लावल्या. बाजूला सॅम्पलच्या गाठी, वर पताका, त्याही कापडाच्याच! मी म्हटलं, "मॅडम, कापडाच्या ऑफिसात मेणबत्त्या?" त्या म्हणाल्या, "दोनच मिनिटं!"

काका केक कापायला वाकले. दाढीचं टोक पेटलं.

आगीचं नाव निघालं तरी सुरतच्या माणसाचं काळीज हलतं, इथले कापडबाजार पेटलेले सगळ्यांनी पाहिलेत. काका ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते डोळे विस्फारून उभे राहिले. मेणबत्तीच्या मागे पताका लोंबत होती. निधी मॅडम जागच्या जागी थिजल्या. सुनंदाने हाताशी लागलेला छासचा, म्हणजे ताकाचा, अख्खा जग उचलला आणि काकांच्या तोंडावर उपडा केला! मी मेणबत्त्या विझवल्या.

धूर, कोथिंबीर आणि पांढरीशुभ्र शांतता. मी काकांची दाढी ओढून काढली. हनुवटी लाल झाली होती, बाकी सगळं धड. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत उभे.

काकांनी ओठ चाटले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

*

चौथा प्रकार फोटोचा. त्या वर्षी द्राक्षाचा रस आणला होता आणि निधी मॅडमनी तो उंच दांड्याच्या ग्लासांत ओतला. बायरला फोटो छान दिसावा म्हणून! तो फोटो कोणीतरी स्टेटसला टाकला. शेठ मध्ये, हातात लालभडक ग्लास! गुजरातमध्ये दारूबंदी, हे तुम्हाला सांगायला नकोच.

सकाळी मी ऑफिसात पोचले तर गेटवर दोन पोलीस.

शेठ केबिनमध्ये पाणी पीत होते. पाणी संपलं तरी ग्लास तोंडालाच! निधी मॅडम फोटो डिलीट करत सुटल्या. सुनंदाने रसाचं रिकामं खोकं कचऱ्यातून काढून पुराव्यासाठी छातीशी धरलं. पोलीस वर आले. शेठ उठून, हात जोडून म्हणाले, "साहेब, तो द्राक्षाचा होता! आईची शपथ!"

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा म्हणाला, "आम्ही कॅलेंडर मागायला आलो होतो. नव्या वर्षाचं आलं का?"

*

मग गेल्या वर्षी शेठनेच विचारलं. बायर आता फोटो मागत नव्हता. "मोकळेपणाने सांगा, ही पार्टी तुम्हाला हवी की नको? घाबरू नका. सगळ्यांनी डोळे मिटा आणि हवी असेल त्यांनी हात वर करा. कोणी कोणाला बघणार नाही."

आम्ही डोळे मिटले. क्षणभराने मी एक डोळा किलकिला केला, कोणाकोणाचा हात वर आहे बघायला. एकाचाही नव्हता. सगळे एकेका डोळ्याने एकमेकांना बघत होते.

शेठसुद्धा!

नजरानजर झाली मात्र, फटाफट सगळे हात वर. शेठ म्हणाले, "एकमत! करूया!"

*

तर ती पार्टी झाली. दुपारची जेवणं आटोपल्यावर निधी मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाल्या, आज प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचं. खेळ आहे, मनमोकळं बोला!

मनमोकळं कोण बोलतंय? मी म्हटलं, पाल. सुनंदा म्हणाली, लिफ्ट. कोणी कुत्रा, कोणी इंजेक्शन. निधी मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मग शेठची पाळी आली. आम्हाला वाटलं, तेही पाल म्हणतील.



"दिवाळीची सुट्टी संपते ना," ते म्हणाले, "त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी येतो. गेट उघडून खुर्ची टाकून बसतो. तुम्ही सगळे गावाला गेलेले असता. रस्त्याकडे बघत बसतो आणि छातीत धडधडतं. यंदा कोणी परत आलंच नाही तर?"

टाळ्या वाजवायला उचललेले निधी मॅडमचे हात तसेच राहिले.

पाटीलकाका शेठच्या समोरच बसले होते. मान खाली घालून म्हणाले, "शेठ, त्या सकाळी आम्ही स्टेशनवरून सामानासकट आधी इकडेच येतो. घरी नंतर जातो."

"का?"

"गेट उघडलंय का, ते बघायला."