पडदा पेटलाय, पाणी आणा

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना सगळे टिपकागद म्हणत. हुद्दा लघुलेखकाचा. मोठ्या साहेबांच्या तोंडून जे पडेल ते शॉर्टहँडमध्ये टिपायचं आणि टाइप करून सहीला ठेवायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. साहेब खोकले तर खोकला गाळायचा, शब्द मात्र एकही सांडू द्यायचा नाही. ‘काय म्हणालात?’ हा प्रश्न त्यांनी उभ्या नोकरीत एकदाही विचारला नव्हता. याचा त्यांना एवढा अभिमान, की नवा माणूस रुजू झाला की त्याला स्वतःच्या नावाआधी ते हेच सांगत.

माझं टेबल त्यांच्या शेजारी, जावक विभागाचं. पत्र पाकिटात घालायचं, चिकटवायचं, धाडायचं. वाचायचं असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी साहेब मुख्यालयाला एका जुन्या व्हॉल्व्हबद्दल पत्र सांगत होते. खिडकीपाशी चहाची विजेची किटली होती. तिच्या वायरमधून ठिणगी उडाली आणि पडद्याने पेट घेतला.

“पडदा पेटलाय!” साहेब ओरडले. “पाणी आणा! अहो, बसलाय काय, उठा!”

टिपकागदांची पेन्सिल थांबली नाही. शिपाई धावत आला, त्याने फरशी पुसायची बादली पडद्यावर उपडी केली आणि आग विझली. साहेब धापा टाकत खुर्चीत कोसळले. टिपकागदांनी पान उलटलं. “हं, साहेब. पुढे?”

साहेबांनाही पुढचं वाक्य आठवलं, म्हणून ते त्यांनी सांगून टाकलं. पत्र टाइप झालं, साहेबांनी न वाचता सही केली, मी न वाचता पाकीट चिकटवलं. पुढे नक्कल पाहिली तेव्हा कळलं, पत्र असं होतं: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर व्हॉल्व्ह जुना झाला असला तरी पडदा पेटलाय, पाणी आणा, अहो, बसलाय काय, उठा. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’

अठराव्या दिवशी फाटकात पाण्याचा टँकर उभा राहिला. ड्रायव्हरने मुख्यालयाचं उत्तर हातात दिलं. ‘पाणीपुरवठा कार्यालयानेच पाणी मागावे ही बाब गंभीर आहे. तथापि आपल्या विनंतीनुसार पाणी पाठविण्यात येत आहे. तसेच आपल्या सूचनेस अनुसरून येथील सर्व कर्मचारी उठले आहेत. त्यांनी केव्हा बसावे, हे उलट टपाली कळवावे.’

“पडदा कुठाय?” ड्रायव्हरने विचारलं.

“जळाला. अठरा दिवस झाले,” साहेब म्हणाले.

“मग दुसरा दाखवा. पडद्यावर ओतल्याची सही घेतल्याशिवाय मला टँकर रिकामा करता येत नाही. आणि भरलेला परत नेता येत नाही.”

दुपारपर्यंत घासाघीस चालली. शेवटी साहेबांच्या खोलीतला नवा कोरा पडदा काढून अंगणातल्या कठड्यावर टाकला. ड्रायव्हरने अख्खा टँकर त्यावर रिता केला. ‘पडदा विझला’ या कागदावर साहेबांनी सही केली. आम्ही घोटाभर पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवल्या, कारण आता काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

संध्याकाळी टिपकागदांनी हा किस्सा घरी बायकोला रंगवून सांगितला. पुढचं त्यांनीच मला सांगितलेलं आहे. बायको हसली नाही. हातातला टॉवेल तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“तुम्हाला ऐकूच आलं नाही का?”

“शब्द न् शब्द ऐकला! कानामात्रेचा फरक नाही.”

“बरं. मग मंगळवारी सकाळी मी काय म्हणाले?”

टिपकागदांनी डोळे मिटले आणि धडाधड म्हणून दाखवलं, “‘अहो, न्हाणीघराचं दार अडकलंय. मी आत आहे. जरा बाहेरून ढकला. अहो, ऐकताय ना?’”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“हूं.”

“आणि मग?”

मग ते ऑफिसला निघून आले होते. शेजारीण साडेअकराला वाटी मागायला आली, तेव्हा तिने दार ढकललं. तोवर बायको पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून होती. तीन दिवस ती वाट पाहत होती, की हा माणूस कधीतरी विचारेल.

टिपकागद म्हणाले, त्या क्षणी त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी टँकरसमोरही वाटली नव्हती. आधी त्यांनी दाराची चौकट तासून घेतली. मग सोमवारी ऑफिसात त्यांनी जे केलं, त्याने आमच्या कार्यालयाचा पायाच हलला.

साहेबांनी पत्र सुरू केलं. “उपरोक्त विषयास अनुसरून…”

“काय म्हणालात?” टिपकागदांनी विचारलं.

मी माझ्या टेबलावरून मान वर केली. शिपाई दारात थबकला.

“म्हणजे, विषय कोणता, साहेब?”

साहेबांनी बराच वेळ विचार केला. “काही आठवत नाही बुवा,” ते म्हणाले, आणि ते पत्र तिथेच संपलं. त्या आठवड्यात चाळिसाच्या जागी तीनच पत्रं निघाली. गंमत म्हणजे त्या तिन्ही पत्रांवरची कामं झाली.

मग पुन्हा व्हॉल्व्हची पाळी आली. “सदर व्हॉल्व्ह जुना झाला असला तरी,” साहेब सांगू लागले, “त्याने इतकी वर्षं विनातक्रार सेवा केलेली आहे. तो एकाएकी काढून टाकल्यास त्याने जावे कुठे, याचाही विचार व्हावा.”

टिपकागदांनी पेन्सिल खाली ठेवली.

“साहेब, व्हॉल्व्ह कुठे जाणार? भंगारात. तुम्ही कधी रिटायर होताय?”

“जूनमध्ये,” साहेब म्हणाले. चष्मा काढून ते पुसत बसले. “घरी कोणी नाही हो. मुलगी परदेशी. सकाळी उठून कुणाला काय सांगायचं?”

मग दार लावून ते दोघं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलत होते, म्हणजे साहेब बोलत होते. बंद दाराआडून आम्हाला एवढंच कळलं, की टाइपरायटर वाजत नाहीये. व्हॉल्व्ह पुढच्या सोमवारी बदलला गेला. जूननंतर साहेब दर गुरुवारी टिपकागदांच्या घरी येऊन बसू लागले. मुख्यालयाचे कर्मचारी तोवर बसले होते की नाही, हे आम्हाला कळलं नाही. तसं पत्र पाठवायचं राहून गेलं.

घरी मात्र टिपकागदांचा अतिरेक झाला. बायकोने उसासा टाकला तरी ते धावत यायचे. “काय झालं? कशाबद्दल? कधीपासून?” महिनाभराने ती वैतागली.

“अहो, सगळंच ऐकायचं नसतं! काही काही मी भांड्यांशी बोलते.”

“मग माझ्याशी कोणतं?”

“ते तुम्ही ओळखा.”

ओळखायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं. मला म्हणाले, शॉर्टहँड सहा महिन्यांत आलं होतं.