जाऊ मस्कतला गेली

माझ्या सासूबाईंना, गोजरबाईंना, साखर नाही, बीपी नाही. त्यांचा सगळ्यात जुना आजार म्हणजे धाकटी जाऊ, वच्छलाबाई. दोघी दौलताबादकडच्या एकाच घरात नांदल्या आणि म्हातारपणी शहरात, पुंडलिकनगरात, मागच्यापुढच्या घरांत राहायला आल्या. गुडघेही दोघींचे बरोबरच गेले.

इथल्या दवाखान्यात वाट्या बदलायचा खर्च ऐकून माझा नवरा अजिनाथ आल्यापावली परत फिरला. वाळूजच्या कंपनीत तो कंत्राटी कामगार. येताना त्यानं आईला मालिशच्या तेलाची बाटली आणली. वच्छलाकाकींचा मुलगा कृष्णा मात्र मस्कतला. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईवडलांचाही इलाज बसतो. त्यानं सरळ विमानाचं तिकीटच पाठवलं. काकी तिकडं वाट्या बदलून, ठणठणीत होऊन परत आल्या.

त्या साली पाऊस नव्हता. टँकर आला की काकी तरातरा पुढं जाऊन पाइप धरायच्या. सासूबाई खिडकीतून बघत जळायच्या. "इमानात काय बसली, जमिनीवरनं चालंना झाली!" पाणी मी भरायचे आणि बोलणीही मीच खायचे.

दसऱ्याला धाकटीनं थोरल्या जावेच्या पायावर डोकं ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. त्या एका दिवसावर सासूबाई वर्ष काढायच्या. त्या वर्षी काकींनी आपट्याची पानं हातात दिली आणि उभ्याउभ्याच हात जोडले.

"डाक्टरनं खाली बसू नगं म्हणून सांगितलंय, अक्का."

"मग म्या वर उभी ऱ्हाते. तितं तरी टेकशील ना डोकं?"

आमचा ओटा कमरेएवढा उंच आहे, पायऱ्या तीन. मी नको नको म्हणत होते, पण ऐकतंय कोण! दुसऱ्या पायरीवर सासूबाईंचा गुडघा अडकला. वरही जाईनात, खालीही येईनात. कठडा धरून तिथंच उभ्या राहिल्या. मला हसूही येईना.

काकी बाजूनं सहज वर चढल्या आणि त्यांनी हात दिला. सासूबाईंनी तो धरला, कशाबशा वर आल्या, पण हात काही सोडेनात.

"वच्छे, मला बी ने की गं तितं. सांग ना किस्नाला. लई दुखतंय."

इतक्या वर्षांत त्यांना कुणापुढं असं मागताना मी पाहिलं नव्हतं.

काकींनी मान खाली घातली. "म्या इचारलं व्हतं, अक्का. त्येंच्या इम्यात आई एकच लागती. चुलती चालत नाय म्हणत्यात."

"चुलती?" सासूबाईंचा आवाज फाटला. "बाहत्तरच्या दुष्काळात तुजं दूध आटलं, तवा ह्या अंगाला अजिनाथ आन् त्या अंगाला किस्ना घेऊन बसत व्हते म्या. त्यो प्याला ना गं? का तवा बी चुलती चालत नव्हती?"