झांजेशिवायचं वाक्य

"हयसर झांज वाजली," मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच म्हणालं.

पेडण्यातल्या आमच्या दुचाकींच्या शोरूममध्ये मॅनेजर रोज सकाळी यशाच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवत. तुम्हीही असली पुस्तकं चाळली असतील. त्या दिवशीचं वाक्य होतं : 'विजेते पहाटे उठतात, सामान्य माणसं झोपून राहतात.' मी नवी होते, नोकरी पक्की व्हायची होती. पाचचा गजर लावायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

मागे बसलेले गृहस्थ सुट्या भागांचं कोठार सांभाळत आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात राक्षस होत. डोळ्यांतलं काजळ धुऊनही उरलेलं असे, त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्याशी जरा जपूनच बोले.

चहाला त्यांनी मला समजावलं. राक्षस येतो, 'मी महापराक्रमी' म्हणतो, झांज वाजते आणि लोक मान्य करतात. अजून त्याने काडीही मोडलेली नसते.

"झांज काढ गो बाय, मगे काय उरता ता बघ."

मी काढली. काही माणसं पहाटे उठतात, काही झोपतात. एवढंच उरलं.

"पोदेर जल्मभर पहाटे उठान पाव विकता. तेका कोण विजेतो म्हणता?"

मग स्वतःच हसले. "माका मात्र झांज व्हयीच. नायतर माझा माकाच खरा वाटणा नाय."

एकदा मॅनेजरनी पान वाचायला कोठारवाल्यांनाच उभं केलं. 'मी अजिंक्य, मी असामान्य' हे त्यांनी थेट राक्षसाच्या आवाजात म्हटलं, मांडीवर थाप मारून. मेकॅनिकसुद्धा हातातला पाना ठेवून हसत सुटले. मॅनेजर हसले नाहीत. पुढच्याच महिन्यात कोठारवाल्यांची वाळपईच्या शाखेत बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर बोटांनी झांजेचा ठेका धरला.

त्यानंतरच्या सोमवारी पान निघालं : 'अबोल माणसं दुबळी असतात.' मॅनेजरनी पुस्तक मिटलं आणि सकाळच्या वाचनात कधीच तोंड न उघडणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. तुमची नोकरी पक्की करायची की नाही ते याच आठवड्यात ठरणार आहे, तेव्हा यावर तुमचं मत सांगा, असं म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. त्या खुर्चीवर आता हेल्मेटांची खोकी रचलेली होती. मी उभी राहिले.

"सर, इथं झांज वाजली. मी अबोल आहे, हे खरं. दुबळी आहे, हे कोणी पाहिलंय?"