वनवासातलं लुगडं

आमच्या बाबांच्या लेखी काम म्हणजे मागावरचं काम. हात चालतात, पाय चालतात आणि संध्याकाळी वीतभर तरी कापड वाढलेलं दिसतं. मी पुण्यात कॉम्प्युटरवर हलती चित्रं करते हे त्यांना ठाऊक होतं, पण ते काम आहे हे काही केल्या पटत नव्हतं. आमच्या गावी, अड्याळच्या बाजारात कोणी विचारलं तर ‘पोरगी पुण्याले रायते’ एवढंच सांगायचे. पुढचं काही नाही. मला ते फार लागायचं.

मग आमच्या स्टुडिओकडे एक सिनेमा आला. वनवासाचं, पोरासोरांनाही तोंडपाठ असलेलं महाकाव्य नव्यानं, पूर्ण अॅनिमेशनमध्ये करायचं होतं. कपड्यांचं खातं माझ्याकडे होतं. रानात गेलेल्या राणीच्या अंगावर काय असावं, यावर दोन बैठका झाल्या. कोणी झाडाची साल म्हणे, कोणी चिंध्या. मी म्हटलं, कोसा द्या. रानातल्या ऐनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याचा धागा, रंग न चढवलेला, मातीच्याच रंगाचा. सगळ्यांना पटलं. मी घरून मागावरचा ताजा हातभर तुकडा मागवला, तो पंख्याखाली कसा हलतो, कशी घडी धरतो, सगळं टिपून हुबेहूब पडद्यावर उतरवलं. खूप वाहवा झाली आणि मीही जरा हवेत होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांना लॅपटॉपवर ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. रान पाहिलं, हरणं पाहिली. राणीच्या मांडीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे वनवासाचं कितवं वरीस होय?”

मी म्हटलं, शेवटचं.

“मंग इचं लुगडं अजून कोरं काहून आहे?”

माझा चेहरा उतरला. इतकी वर्षं नदीवर धुतलेलं, काट्याकुट्यांत वागवलेलं लुगडं दुकानातल्या फळीवरून आत्ताच काढल्यासारखं ताठ होतं. ही चूक विणकराच्या लेकीच्याच हातून व्हायची. आमच्या घरात कोसा धागा होऊन यायचा आणि घडी होऊन व्यापाऱ्याकडे जायचा. आईनं जन्मभर मागासाठी कोशाचा धागा गुंडाळून कांड्या भरल्या आणि अंगावर बाजारातलं नायलॉन नेसली. जुनं झालेलं कोशाचं लुगडं मी कधी पाहिलंच नव्हतं. तसं मी म्हटलं, तर बाबाच हळू म्हणाले की, मीही नाही पाहिलं.

पुण्याला जाऊन मी चूक कबूल केली आणि राणीचे प्रसंग सर्वांत शेवटी घ्या म्हणून हट्ट धरला. सहा महिने मिळाले. इकडे बाबांनी कोणाला न विचारता मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावला. करवतकाठी लुगडं, काठाला करवतीचे दाते, काठांचा आणि अंगाचा धागा वेगवेगळा फिरवणाऱ्या तीन धोट्यांचं किचकट काम. मागावरून उतरलं ते व्यापाऱ्याकडे गेलं नाही. बाबांनी ते आईच्या हातात दिलं आणि रोज नेसून घरचं सगळं काम करायला सांगितलं.

पहिले दोन दिवस आई जमिनीवर बसेना. मग बसली. त्याच लुगड्यात तिनं सारवलं, भांडी घासली, बाजार केला. बाया विचारत, लग्न कोणाचं? “सिनेमाचं काम सुरू आहे,” असं सांगताना तिचा तोरा काय वर्णावा! दर आठवड्याला बाबा मोबाइलवर तिचं बसणं-उठणं टिपून पाठवत. मधूनच त्यांचा आवाज यायचा, पदर खोच, आता वाक. चौथ्या महिन्यात गुडघ्याशी कापड सैल पडलं, खोचायच्या जागी पदर मऊ झाला. ती एकेक सुरकुती मी राणीला दिली.

सिनेमा भंडाऱ्याला लागला तेव्हा आईबाबांना आणि गल्लीतल्या चार विणकरांना घेऊन गेले. राणीला पळवून नेलं तेव्हा सगळं थेटर डोळे पुसत होतं आणि आमच्या रांगेत काठाच्या दात्यांवर चर्चा सुरू होती. मागच्यांनी दोनदा दटावलं. माझं लक्ष मात्र बाबांकडेच होतं.

राणी झाडाखाली दगडावर टेकली, पदर कमरेला खोचला आणि एक गुडघा वर घेऊन बसली. थेट माझी आई. आईनं लाजून मान खाली घातली. बाबांच्या शेजारचा अनोळखी माणूस बायकोला म्हणाला, “लुगडं तं खरंच वाटून राहिलं.”

बाबा त्याच्याकडे वळले. आवाज मुळीच लहान केला नाही.

“खरंच आहे ते. नेसलं इनं,” आईकडे बोट करून ते म्हणाले. मग अंधारात चाचपून त्यांनी माझा हात धरला. “अन् विणलं आमी दोघा बापलेकीनं.”

मागच्या रांगेतला माणूस पुन्हा ओरडला. बाबांनी मागे वळून तेच त्यालाही सांगितलं.