सहा नंबरची प्रेस कोणी घेतली?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. बायको दाराला लिंबू-मिरची बांधते, तर "त्यातलं लिंबू तरी सरबताला दे" म्हणून चिडवायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

नाशिकजवळच्या अंबडच्या एका मोठ्या कंपनीत मी तेवीस वर्षं सहा नंबरच्या पॉवर प्रेसवर होतो. पत्रा सरकवायचा, दोन बटणं दाबायची, तुकडा काढायचा. ज्यांना काम शिकवलं ते साहेब झाले, आणि आता लघवीला जायचं तरी त्यांच्या स्क्रीनवर नोंद करायची! वीट आला होता. तीन आठवडे राजीनामा खिशात घेऊन फिरत होतो, घामाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. द्यायची हिंमत होत नव्हती. बायको म्हणायची, "अहो, पोरीची बारावी होऊ द्या. ओढा अजून थोडं."

आमच्याकडे एक रीत आहे. पाळी बदलताना पुढच्या पाळीचा माणूस मागे येऊन "घेतली" म्हणतो, मगच आपण मशीन सोडायचं. पूर्वी वळून एकमेकांची विचारपूस व्हायची. हल्ली कोण वळतंय!

त्या दिवशी दुपारी तीनला मागून आवाज आला, "घेतली." मी न बघताच बाजूला झालो, कार्ड पंच केलं आणि नाशिक रोडच्या कंपनी बसमध्ये जाऊन बसलो. आवाज ओळखीचा होता, पण पुढच्या पाळीच्या साळुंकेचा नव्हता... मग कोणाचा? विचार करतच बायकोला व्हॉइस मेसेज पाठवला – "निघतोय" – आणि सवयीप्रमाणे एकदा ऐकून बघितला.

तोच आवाज. माझाच.

चालू प्रेस तशीच सोडून आलो की काय? कोणाचा हात गेला तर? धावत आत गेलो. प्रेसवर साळुंके उभा होता. तो चांदवडहून बाइकवर येतो.

"कधी आला रे?"

"हे काय, आत्ताच. पिंपळगावला लय ट्रॅफिक होती, भाऊ. तुम्हाला पंधरा मिनिटं जास्त उभं राहावं लागलं."

"मला?"

"मग कोणाला? मी घेतली म्हटलं, तुम्ही बाजूला झाले. बोलले पण नाय. रागावले का?"

"आणि गेलो कुठे?"

त्याने प्रेसमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिकडे दार नाही.

स्क्रीनवर बघितलं, तर तीननंतर प्रेस मिनिटभरही थांबली नव्हती. पेटीत ताजे तुकडे पडले होते, सगळे बरोब्बर मापात.

घरी सगळं सांगितलं. मला वाटलं, बायको आता जुना हिशोब चुकता करणार. पण ती म्हणाली, "उद्याच द्या राजीनामा. पोरीचं बघू आपण." मला रडूच आलं.

साळुंकेला भास झाला असेल, स्क्रीन बिघडली असेल, टेन्शनने माझं डोकं फिरलं असेल... मेव्हणा हेच म्हणतो. असेलही. पण ते तुकडे कोणी काढले, हे त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवले. निघताना सहा नंबरकडे मात्र मान वळवली नाही. तिथे मी उभा दिसलो असतो, तर घरी कोण गेलं असतं?