पंख्याने दिलेला कौल

आमच्या वडिलांचा देवावर एवढा विश्वास, की घरात कुणाला ठेच लागली तरी ते आधी ‘यातून काहीतरी भलंच होणार’ म्हणायचे आणि मग हळद शोधायचे. मला संताप यायचा. आधी हळद आणा की!

आईच्या छातीतली गाठ वाईट निघाली तेव्हाही ते तेच म्हणाले. मुंबईत ऑपरेशनची तारीख मिळाली होती, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढलेली. पण जयगडच्या बाजूचं आमचं गाव. तिथे ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय कुणी म्हैससुद्धा विकत नाही, मग बायकोच्या ऑपरेशनचं काय बोलायचं!

गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांबा. त्याने गाऱ्हाणं घातलं, आम्ही ‘होय महाराजा’ म्हटलं, आणि तास झाला तरी एकही कळी हलेना. आई मांडीवर बॅग घेऊन खांबाला टेकली होती. तेवढ्यात गेलेली लाइट आली, कुणा चाकरमान्याने देवळाला दिलेला पंखा गरागरा फिरला आणि डावी कळी टपकन पडली.

“ह्यो पंख्याचा कौल, देवाचा नाय,” गुरव म्हणाला.

“पंखा देवाचाच ना? देवाचं नाव घातलंय त्याच्यावर,” शेजारचे काका म्हणाले.

“पण लाइट सरकारची!”

यावर सगळं देऊळ दोन तटांत विभागलं. शेवटी नवा कौल घ्यायचं ठरलं. त्यासाठी गुरवाने पुन्हा आंघोळ करायची. तो आंघोळ करून येऊन उजवी कळी पडेपर्यंत आमची गाडी गेली होती. ऑपरेशन आठ दिवस लांबलं.

वडील मात्र खुशीत. त्या गाडीला काहीतरी होणार असणार, देवाने वाचवलं! सकाळी उठल्या उठल्या त्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला.

“वेळेआधी पोचली काका,” तो म्हणाला.

“पंक्चरसुद्धा नाय?”

नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

“चाळीस माणसं सुखरूप पोचली त्याचं वाईट वाटतंय तुम्हाला?” आई म्हणाली. “चांगलं देव करीलच. मला खात्री हाय. फक्त कसं करायचं ते त्याला शिकवू नका.”

ते आठ दिवस मी माहेरीच होते, पण वडिलांशी एक शब्द बोलले नाही. आई जाईल या भीतीने मी रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचे, आणि हा माणूस पेपरात अपघात शोधत बसलेला.

ऑपरेशन झालं. एक बाजू काढावी लागली. आई घरी आली तेव्हा तिचा उजवा हात वर होत नव्हता. मी भाट्याला सासरी परतले आणि चार दिवसांनी दुपारी जेवणाचा डबा घेऊन माहेरी गेले.

पडवीत आई पाटावर बसली होती. मागे वडील, हातात फणी, कोपरापर्यंत खोबरेल तेल. या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं.

“अगो, यातून काय भलं झालं ते मला अजून दिसत नाय,” ते काकुळतीने म्हणत होते.

आईने डोळे मिटले होते.

“दिसेल. आधी तो गुंता सोडवा. हळू हो, ओढू नका.”

मला रडू आवरेना. मी डबा पायरीवर ठेवला आणि वेणी घालून होईपर्यंत आत गेले नाही.