‘फ्लेक्सिबल’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा

आमच्या प्राचार्यांना आवाज चढवून बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्यांना तशी गरजच पडत नाही. टेबलावरचा काचेचा पेपरवेट बोटांनी सावकाश फिरवत ते म्हणतात, “मॅडम, थोडं फ्लेक्सिबल व्हायला हवं,” आणि तेवढ्यावर माझी दुपार गेलेली असते.

कणकवलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. म्हणजे घेतलेल्या तासापुरती मी तिथली शिक्षिका. घंटा झाली की माझा आणि कॉलेजचा संबंध संपला. कागदावर तरी असंच आहे. राहते मी देवबागला, नवरा आणि सासूबरोबर. नवरा पर्यटकांना बोटीतून खाडीत फिरवतो. कॉलेजला जायला मला आधी मालवणची एसटी पकडावी लागते, मग तिथून कणकवलीची. त्यातली एक चुकली की दुसरी चुकते, म्हणून वाडीत सगळ्यात आधी चूल आमची पेटते.

भूगोलाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून पेपरवेट फिरवला, आणि मी अकरावीला भूगोल शिकवू लागले. वारे आणि भरती-ओहोटी समुद्राकाठी राहिल्यामुळे निभावली. पुढचं सगळं मी एसटीत वाचायचे आणि वर्गात ओतायचे. क्रीडा महोत्सवात मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला माणूस आला नाही, तर त्या मी मारल्या. चुना मी मैदानाला लावतेय असं तेव्हा मला वाटत होतं. पाहुणे आले की रांगोळी माझी, माईक माझा, आभारही मीच मानायचे. एकदा तर शास्त्र प्रदर्शनाचं परीक्षण केलं. एका मुलाने पाण्यावर चालणारं कसलंसं यंत्र केलं होतं. ते चालत नव्हतं, पण का चालत नाही हे विचारण्याएवढंही शास्त्र मला येत नव्हतं.

माझ्याच विषयाला एक कायम सर आहेत. दुपारी दोन वाजले की त्यांची स्कूटर फाटकाबाहेर पडलेली असते. त्यांना फ्लेक्सिबल व्हायला कुणी कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते कायम आहेत, आणि कायम असलेल्या गोष्टी वाकवत नाहीत. हा शब्द नेहमी वरून खाली येतो, हे मला कळायला फार वेळ लागला. खालून वर पाठवून बघितला होता मी एकदा. मालवणची एसटी वेळेवर मिळावी म्हणून शेवटचा तास थोडा आधी ठेवता येईल का, असं प्राचार्यांना विचारलं आणि धीर करून म्हटलं, “सर, तुम्हीपण जरा फ्लेक्सिबल…” ते मनापासून हसले. “नाही हो मॅडम, नियम असतात.”

घरी सासूबाईंचा निराळाच घोळ. मी उशिरा आले की चिडून एकच शब्द सांगायचे, तो त्यांनी त्यांच्या पद्धतीने घेतला. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे नाक्यावर लागतात ते वाढदिवसाचे बोर्ड.

“काय गो, आज पण उशीर झालो? तुका थंय शिकवूक ठेवल्यानी काय फ्लेक्स लावूक?”

“फ्लेक्स नाय वो आई, फ्लेक्सिबल. म्हणजे लवचिक.”

“ता काय?”

“वाकणारा.”

“मगे वाकणारा म्हणान सांग. इंग्रजी कित्याक व्हया?” असं म्हणून त्या बांगडे साफ करायला बसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायच्या की सुनेला कॉलेजात फ्लेक्स लावायला लावतात. ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नसे. वार्षिक स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स मीच शिडीवर चढून बांधला होता.

मग एक दिवस हा शब्द माझ्याच वर्गात आला. अकरावीच्या धड्याखाली विशेषणं दिली होती: अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. त्यांत तो होता. मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, चला, निदान इथे तरी याला नीट बघून घेऊ. मुलाकडून प्लॅस्टिकची पट्टी घेतली, दोन्ही टोकांना धरून वाकवली आणि सोडली. पट्टी टणकन सरळ झाली. मग खडू वाकवायला गेले, तो मोडला. शेवटी खिडकीच्या भेगेत नुकतीच भरलेली ओली चिकणमाती होती, तिचा गोळा दाबला. तो दाबलेलाच राहिला.

“यातलं फ्लेक्सिबल कोण?” मी विचारलं.

“पट्टी,” सगळे ओरडले.

“माती का नाही? तीपण वाकली, मोडली नाही.”

मुलं पट्टीकडे आणि मातीकडे आळीपाळीने बघू लागली. मग मीच सांगितलं की नुसतं वाकणं पुरत नाही. सोडल्यावर आपल्या जागी परत येतं ते फ्लेक्सिबल. माती हवी तशी दाबता येते, तिला इंग्रजीत वेगळी विशेषणं आहेत. माणसांच्या बाबतीत ती विशेषणं वापरली तर ते कौतुक नसतं. समजावता समजावता मला माझाच आवाज थोडा चढलेला जाणवला.

मुलांनी वाक्यं लिहिली. रबर फ्लेक्सिबल आहे, वेत फ्लेक्सिबल आहे, सर्कशीतली बाई फ्लेक्सिबल आहे. एकाने लिहिलं, माझे बाबा फ्लेक्सिबल नाहीत. त्यावर वर्ग हसला, आणि ते वाक्य मी फळ्यावरही घेतलं. मग दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. कणकवलीच्या आतल्या गावातून येते, काजूची बाग आहे त्यांची, बोलते कमी. तिने इंग्रजीत वाचलं: आमच्या इंग्रजीच्या मॅडम फार फ्लेक्सिबल आहेत. कुठलाही विषय, कुठलाही वर्ग, सर पाठवतील तिथे त्या जातात.

या वाक्यावर मात्र कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुलीच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, तिने मला चांगलंच म्हटलं होतं. मी एका क्रियापदाला लागणारा ‘एस’ तिला घालायला लावला, “गुड” म्हटलं आणि पुढच्या शब्दावर गेले. पण तो तास संपेपर्यंत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्या सुमारास माझ्या माहेरची जत्रा जवळ आली होती. माझं माहेर सावंतवाडीकडे. आमच्या ग्रामदेवीची जत्रा वर्षातून एकदाच, आणि लग्न होऊन गेलेल्या सगळ्या मुलींनी त्या दिवशी येऊन देवीची ओटी भरायची अशी रीत. आदल्या दोन वर्षी मी गेले नव्हते. एकदा परीक्षेचं पर्यवेक्षण होतं, एकदा कसलीशी तपासणी. आईने माझ्या वाटची ओटी वहिनीच्या हातून भरून घेतली होती आणि मला तसं सांगितलंही नव्हतं. ते मला वहिनीकडून कळलं.

या वेळी आईचा फोन आला. “तू येतलंस मा?” तेवढंच विचारलं.

“येतलंय,” मी म्हटलं.

प्राचार्यांना मी महिनाभर आधी सांगितलं. ते “बघू” म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत सांगितलं, तेव्हाही “बघू”. जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी शिपाई बोलवायला आला तेव्हा दारातूनच मला पेपरवेट फिरताना दिसला.

“मॅडम, उद्या संस्थेचे अध्यक्ष येताहेत. सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. आणि प्रवेशद्वाराशी रांगोळी.”

“सर, उद्या माझी रजा आहे. मी सांगितलं होतं.”

“हो, पण अध्यक्ष काय रोज येत नाहीत.”

“जत्राही रोज येत नाही, सर.”

“मॅडम,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “थोडं फ्लेक्सिबल…”

“उद्या मी येणार नाही.”

ते मध्येच थांबले. “म्हणजे?”

“म्हणजे येणार नाही.”

खरं तर मला पट्टीचं, खडूचं, मातीचं सगळं सांगायचं होतं. इतक्या वर्षांत तुम्ही वाकवलं तेवढं, सोडलं एकदाही नाही, हे सांगायचं होतं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. पदर नसतानाही मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते. “येणार नाही” हे मी बहुतेक तिसऱ्यांदा म्हटलं आणि बाहेर पडले. ती चांगली वाक्यं मला कसालच्या पुढे, एसटीच्या खिडकीत सुचली. एकापेक्षा एक सुरेख. ऐकायला शेजारी एक म्हातारा झोपलेला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “ह्यां पयलीच सांगूक व्हया होतां. माझी बोट सुद्धा ओहोटीक बंद रवता. तुजा कॉलेजच कधी बंद जायना.” म्हणजे आता चूक माझीच. मी त्याच्याशी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलले नाही.

जत्रेला गेले. नवी साडी, ओटीचं ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ, केळी. देवळाबाहेर बायकांची रांग पार तळीपर्यंत गेली होती. आई रांगेत माझ्यासाठी जागा धरून उभी होती, पाय दुखत असूनही. मी म्हटलं, “बस तरी जरा.” ती म्हणाली, “बसलंय तर जागा जायत.” आणि तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजायला लागला. कॉलेज. बंद झाला, परत वाजला. पुढची बाई वळून बघायला लागली. आईने विचारलं, “कोण तो येवढो?” मी फोन बंद केला. कितीतरी दिवसांनी मी तो हाताने बंद केला होता. नाहीतर तो बॅटरी संपून आपोआप व्हायचा. गाभाऱ्यात ओटी भरताना मन लागेल असं वाटलं होतं, पण मनात चाललं होतं ते एवढंच की रांगोळी कोणी काढली असेल. याचा राग मला आजही येतो. तो दिवस माझा होता.

बाहेर येऊन आम्ही जत्रेतलं गुळाचं खाजं घेतलं, आई आणि मी एका दगडावर बसून खाल्लं. ती वहिनीच्या तक्रारी सांगत राहिली, मी ऐकत राहिले. मग मन जरा शांत झालं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचले आणि फाटकातच शिपाई हसत म्हणाला, “मॅडम, अध्यक्ष इलेच नाय. पुढच्या आठवड्यात येतले.” त्यांनी सकाळी फोन करून कळवलं होतं. मला येत होते ते फोनही बहुधा तेच सांगायला होते. पुढच्या आठवड्यात अध्यक्ष आले आणि सूत्रसंचालन मीच केलं. रांगोळीही मीच काढली, मोराची, दात-ओठ खात.

नव्या सत्राचं वेळापत्रक लागलं तेव्हा माझा एक तास सकाळी पहिला होता आणि दुसरा दिवसाचा शेवटचा. मधला सगळा वेळ रिकामा. ही शिक्षा नाही, ॲडजस्टमेंट आहे, असं प्राचार्य म्हणाले. तेव्हा मात्र मी ओढणीशी खेळत बसले नाही. म्हटलं, तास सकाळचे सलग द्या, नाहीतर दुसरं कुणी बघा. त्यांनी “बघू” म्हटलं, आणि मी जायचं बंद केलं.

त्यांनी खरंच दुसरं कुणी बघितलं. कोल्हापूरकडची एक तरुण मुलगी आली, दिवाळीपर्यंत टिकली, पुढे रुजू झाली नाही. मी घरी होते. सासूबाईंच्या हाताखाली बांगडे साफ करत होते आणि त्यांनाही माझा कंटाळा यायला लागला होता. तेव्हा फोन आला. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुमच्या सोयीने ठेवू.” मी अटी सांगितल्या: तास सकाळचे, सलग; भूगोल नाही, चुना नाही, शिडी नाही. पलीकडे पेपरवेट फिरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही फारच रिजिड झालात हो.”

“हो, सर,” मी म्हटलं.

आता मी सकाळच्या गाडीने जाते आणि दुपारी जेवायला घरी असते. परवा निघताना प्राचार्यांनी हाक मारली. पाहुण्यांबरोबर एक फोटो काढायचा होता. मी गाडीची वेळ सांगितली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “आहेत की अजून दहा मिनिटं.” आणि मी थांबले. फोटोत हसलेसुद्धा. गाडी मिळाली, पण बसायला जागा नाही मिळाली, आणि मालवण येईपर्यंत उभ्याने मी स्वतःवरच चडफडत होते.